फाटकासमोरची दोन मिनिटं

त्या दिवशी ताईने दवाखान्यातून अर्धी रजा घेतली आणि धाकट्या भावाची मोटरसायकल घेऊन ती मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. काम साधंच होतं. सायलेन्सर बदलायचा होता.

लोक हे काम हौसेने करतात. चार जणांनी मान वळवून बघावं, एवढीच त्यांची इच्छा असते. ताई मात्र ते काम रागाने करायला निघाली होती, आणि तो राग आजचा नव्हता.

ती कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. वीस वर्षं हेच. त्यामुळे भावाने हौसेने गाडीला बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तेव्हा तिने त्याचं डोकं खाल्लं होतं. "तिशीतच माझ्या खोलीत येऊन बसशील, आणि बटण दाबायचं कधी तेही तुला कळणार नाही." महिनाभर ही कटकट ऐकून तो वैतागला आणि त्याने कंपनीचा सायलेन्सर परत लावला. गाडी मांजरासारखी चालायला लागली. त्यानंतर तीन आठवड्यांनी बर्फाच्या कारखान्याच्या फाटकातून उलटा बाहेर येणाऱ्या ट्रकने त्याला समोरच्या भिंतीवर दाबलं.

ड्रायव्हरच्या जबाबात एकच ओळ होती. ‘मोटरसायकलचा आवाज आला नाही.’

सात महिने ती ओळ ताईच्या डोक्यात ठणकत होती. दात घासताना, जेवताना, दुसऱ्यांचे कान तपासताना. आवाज आला नाही म्हणे. आणि तो का आला नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ड्रायव्हरवरचा राग आणि स्वतःवरचा राग यांची तिच्या पोटात अशी काही गाठ बसली होती, की कुठला दोरा कोणाचा ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

पोलिसांनी गाडी सोडल्यावर तिने ती दुरुस्त करून घेतली, स्वतः चालवायला शिकली आणि आज मिस्त्रीपुढे आणून उभी केली.

"याचाच तो जुना असेल ना तुमच्याकडे? मोठ्या आवाजाचा," तिने विचारलं.

"तो गेला, ताई. कधीच विकला." मिस्त्रीने हात पुसले. साठीचा माणूस, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. "दुसरे आहेत. पण तुम्हाला कशाला हवा? तुम्हीच तर त्याला…"

"दाखवा."

तिचा चेहरा बघून त्याने पुढचं वाक्य गिळलं.

त्याने फळीवरून एकेक सायलेन्सर उतरवून फरशीवर ठेवला. हा आखूड, याचा आवाज मोठा पण फाटका, पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. हा दोन तोंडांचा, दिसायला बरा, ओढ मात्र कमी होते. याच्यात आत जाळी आहे, ती काढली की गल्ली गोळा होते. ताईने दोन लावून बघायला सांगितले. दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र तिने पर्समधून आणलं होतं. आकडे भरपूर येत होते, पण ती मान हलवत राहिली. तिला नुसता मोठा आवाज नको होता. उंच आवाज भिंतीला आपटून मरतो. तिला हवा होता खालचा, घुमणारा आवाज, जो बंद काचेतून, लोखंडी फाटकातून, माणसाच्या छातीतून आत जातो.

"तो वरचा," ती म्हणाली.

सगळ्यात वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक लांब करडा सायलेन्सर आडवा पडला होता. त्याच्यावर नाव नव्हतं, शिक्का नव्हता.

"तो नको."

"का? खराब आहे?"

"खराब नाही. दोघांना लावून दिला होता, दोघांनी परत आणला. आवाज लई मोठा आहे म्हणाले." मिस्त्री जरा ओशाळून हसला. "मी शेजारी उभा होतो ताई, मला तर काहीच ऐकू आलं नाही. आता माझ्या कानांचं तुम्हाला काय सांगायचं. चाळीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी बसलोय."

कानांबद्दल ऐकलं तसं ताईला ते पटलंच. तीस-चाळीस वर्षं गॅरेजात काढलेल्या माणसाचे खालचे आवाज टिकतात आणि वरचे जातात, हे ती जाणून होती. याचे सगळेच गेलेले दिसतात, एवढंच तिने मनात नोंदवलं.

"दवाखान्यात या, तपासून देते. आणि हा लावा."

मिस्त्रीने मग वाद घातला नाही. इंजिनाजवळचे गंजलेले नट तेल सोडून सैल केले, जुना पाइप उतरवला, तांब्याची नवी रिंग बसवली आणि लांब करडं नळकांडं जागेवर धरलं. आधी सगळे नट हातानेच लावायचे, मग पान्याने दोन्हीकडून थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आवळली की पाइप वाकडा बसतो आणि धूर गळतो. तो हे सगळं सवयीने पुटपुटत करत होता. मागचा क्लॅम्प आवळताना त्याचा हात थांबला.

"कोण आलं?"

ताईनेही ऐकलं. दारातच कोणीतरी जोरात रेस देत होतं. जमिनीतून पायात चढणारा खालचा, जड, घुमणारा आवाज. फळीवरचे डबे थरथरले. गंमत म्हणजे मिस्त्रीला तो छान ऐकू आला होता. तो उठून दारापर्यंत गेला. गल्ली उन्हात मोकळी पडली होती. आवाज तिथेच, रिकाम्या जागेत, क्षणभर घुमला आणि बंद झाला.

"पलीकडच्या रस्त्यावर असेल," तो म्हणाला, पण बराच वेळ तिथेच उभा राहिला.

पाचेक मिनिटांनी काम संपलं. ताईने गाडीवर बसून किक मारली आणि तिच्या कानठळ्या बसल्या. हवा होता तो हाच आवाज. तिने मूठ पिळली, पुन्हा पिळली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं. मिस्त्री समोर उभा राहून तिच्या ओठांकडे बघत होता.

"मारा ना किक," तो म्हणाला.

"मारली," ती ओरडली.

त्याने खाली वाकून इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "गाडी चालू आहे?"

बिचाऱ्याचे कान साफच गेले, असं म्हणून ताईने गाडी बाहेर काढली.

ती तडक बर्फाच्या कारखान्यावर गेली. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच भिंती आहेत आणि दुपारी तिथे चिटपाखरूही नसतं. फाटकाखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी सतत रस्त्यावर येतं, आणि आतल्या गॅसचा वास असा नाकात झोंबतो की डोळ्यांत पाणीच यावं. फाटकाच्या गजांतून तो दिसला. ट्रक आत उभा होता आणि ड्रायव्हर पायरीवर बसून डबा खात होता. कोर्टाच्या पायरीवर दिसला होता तोच जाड, थंड चेहरा. ताईने गाडी फाटकासमोर उभी केली आणि मूठ पूर्ण पिळली. भिंती हादरल्यासारख्या वाटल्या. घे, ऐक. ऐकू येतं का आता?

त्याने मानसुद्धा वर केली नाही. एक घास घेतला, सावकाश चावला, पुढचा घास घेतला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा आवाज, आणि हा माणूस जेवतोय. म्हणजे त्या दिवशीही त्याला ऐकू आलं असणार, आणि त्याने असंच केलं असणार. तिने त्या क्षणी ठरवलं, की रोज यायचं. जेवणाच्या सुट्टीत, तो ट्रक काढतो त्या वेळेला. कधीतरी हा मान वर करेलच.

घरी आली तेव्हा आई जिन्याच्या तोंडाशीच उभी होती.

"अगं, मघाशी येऊन परत कुठे गेलीस? मी दार उघडून बसलेय."

"मी आत्ताच येतेय."

"कान फुटतील असा आवाज केलास की खाली. आणि आत्ता आलीस तेव्हा मात्र काहीच नाही."

ताईने ते मनावर घेतलं नाही. मुलगा गेल्यापासून आई दारावरची प्रत्येक चाहूल उठून बघायची. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी अडवलं. "ते काय लावलंयस गाडीला? दहा मिनिटं आधी येऊन हॉर्नसारखं वाजवत बसतेस आणि मग गुपचूप आल्याचं दाखवतेस. आम्ही काय बहिरे आहोत?" ताई त्यांच्यावर अशी काही तडकली की काकूंनी दारच लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, आज वीस मिनिटं आधी. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं. रोज साधारण दुपटीने ते लांबत चाललं होतं. ताईला कोणाचंच काही ऐकून घ्यायचं नव्हतं. सगळे मिळून आपल्याला वेड्यात काढताहेत, एवढंच तिला वाटत होतं. दुपारी ती फाटकासमोर जाऊन मूठ पिळायची, ड्रायव्हर ढिम्म असायचा, आणि संध्याकाळी ती आदल्या दिवशीपेक्षा जास्त धुमसत घरी यायची.

आठवड्याने एका सकाळी ती आरशासमोर केस विंचरत होती. सव्वासात वाजले असतील. खाली गाडीचा आवाज आला.

तिची गाडी. त्याबद्दल तिच्या कानांची चूक होणं शक्यच नव्हतं. वळणावर आवाज चढला, घरासमोर आला, दोनदा घुमला आणि बंद झाला. कोणीतरी चावी पळवून गाडी फिरवतंय, या विचाराने ती कंगवा हातात घेऊनच जिना उतरली. खाली तिची गाडी रात्री लावली होती तशीच उभी होती. सीटवर दव होतं. चावी वर खुंटीला होती. तिने सायलेन्सरला हात लावला. गार.

वरून आईने खिडकीतून विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही."

त्या संध्याकाळी सहा वाजता ती घरी आली. वळणावर वेग वाढवला, घरासमोर दोनदा मूठ पिळली आणि गाडी बंद केली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळी ऐकलं ते हेच. अगदी हेच. अंगणात दोरीवरचे कपडे काढत असलेल्या काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. ताई तशीच गाडीवर बसून राहिली.

दुसरी कोणी असती तर त्याच दिवशी सायलेन्सर उतरवून टाकला असता. पण राग माणसाला फार विचार करू देत नाही. तिने स्वतःला समजावलं, की वाऱ्याचा खेळ असेल, भिंतींचा प्रतिध्वनी असेल. पुढे पुढे तर आईने आवाजाची तक्रार करणंही बंद केलं. "हल्ली गाडीचा आवाजच येत नाही तुझ्या," एवढंच ती म्हणाली. ताईला वाटलं, संपलं प्रकरण. आवाज रोज किती मागे चाललाय, याचा हिशोब तिने केलाच नाही.

सतराव्या दिवशी सकाळी पोस्टाने कागद आला. पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्यात येत आहे. सहीसकट तीन ओळी. आईला न दाखवता ताईने तो घडी करून खिशात घातला, आणि बाराच्या सुमाराला दवाखान्यात कोणाला न सांगता निघाली.

बारा वाजून वीस मिनिटांनी ती फाटकासमोर होती. आत ट्रकचं इंजिन चालू झालं होतं. ड्रायव्हर आरशात बघत मागे यायच्या तयारीत होता. ताईने गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी घातली. मूठ पिळली. एक लांब, दुसरी लांब, तिसरी तर एवढी लांब की हँडल हातात थरथरायला लागलं. सोडली. मग दोन आखूड. हेल्मेटची काच वर करून ती गळा फाटेपर्यंत ओरडली, "ऐक. आता तरी ऐक. एकदा तरी ऐक रे."

दोन मिनिटं ती ओरडत आणि मूठ पिळत राहिली. मग तिने गाडी बंद केली. खाली उतरली. फाटक ढकललं आणि थेट ट्रकच्या दारापाशी जाऊन हाताच्या मुठीने पत्रा बडवला.

"उतर खाली. कान फुटलेत का तुझे?"

तो उतरला. जवळून बघितल्यावर तो थंड वाटला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही रोज येता ते मला दिसतं. तुम्ही त्याच्या बहीण. मला तुमच्याकडे बघायची हिंमत होत नाही. पण तुम्ही गाडी बंद ठेवून नुसती मूठ का पिळता? आत्ता तुमचं तोंड हलत होतं. मला वाटलं तुम्ही ओरडताय. पण आवाज काहीच नव्हता."

"खोटं बोलू नकोस. जबाबातही तेच बोललास. आवाज आला नाही."

"मी तसं बोललो नव्हतो." त्याने मान हलवली. "मी पोलिसांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी म्हटलं, एवढं कशाला, कामापुरतं लिहू."

"काय सांगितलं होतंस?"

त्याने फाटकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"त्या दिवशी मी याच वेळेला गाडी मागे घेणार होतो. बारा वीस. तेवढ्यात फाटकाबाहेर मोटरसायकल आली. लई मोठा आवाज. छातीत घुसणारा. मी ब्रेक दाबून थांबलो. म्हटलं, जाऊ दे त्याला. पण तो जाईना. तिथेच उभा राहून रेस द्यायला लागला. तीन वेळा… लांब लांब. मग दोन आखूड."

ताईचा हात पत्र्यावरच राहिला.

"आणि मग बाई ओरडायला लागली," तो म्हणाला. "कोणी बाई. ऐक म्हणत होती. आता तरी ऐक. मी उतरून फाटकाशी गेलो. रस्त्यावर कोणीच नव्हतं. आवाज मात्र चालूच. अगदी माझ्या तोंडासमोर. मी घाबरलो. पळत जाऊन ट्रकमध्ये बसलो. दोन मिनिटांनी सगळं थांबलं, आणि मी… इथून एकदाचं निघावं म्हणून… जोरात मागे घेतला. तेवढ्यात तो आला. त्याच्या गाडीचा आवाज खरंच नव्हता, बाई. नेहमीच्या वेळेला निघालो असतो, तर तो यायच्या आत मी कोपऱ्यावर असतो."

फाटकाखालून पाणी वाहत होतं.

"त्यानंतर दोन-तीनदा आला तो आवाज," तो म्हणाला. "आधी चारेक महिन्यांनी, मग दोन महिन्यांनी, मग महिन्याने. ओरडणं मात्र त्याच दिवशी होतं. आज तुमचं तोंड हललं तेव्हा मी ओळखलं. ओठ तेच म्हणत होते."

ताईला त्याला मारायचं होतं. सात महिने ती त्यासाठीच जगली होती. तिने हात उगारलाही. पण तो आता कोणावर उगारायचा, हे तिला कळेना. तो तसाच खाली आला.

गाडी तिने सुरू केली नाही. उन्हात दोन तास ढकलत ती मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली. "काढा," एवढंच म्हणाली. मिस्त्रीने पान्याला हात घातला. नट सैल केले, करडं नळकांडं उतरवून फरशीवर ठेवलं.

"कापा. दोन तुकडे करा. कोणाला द्यायचा नाही."

त्याने ग्राइंडर लावला. चाक पत्र्याला भिडलं, ठिणग्या उडाल्या, आणि मिस्त्री कापता कापता हसल्यासारखं करून म्हणाला, "हा आवाज मी ऐकलाय, ताई. हा सायलेन्सर आणला त्याच्या आधी कितीतरी दिवस, एका दुपारी, गॅरेज बंद असताना. आतून पत्रा कापल्याचा आवाज येत होता. कुलूप उघडलं तर आत कोणी नाही."

आत भरलेला पांढरा लोकरीसारखा काच-कापूस बाहेर आला. स्वच्छ होता. धुराचा एक डाग नव्हता त्याच्यावर. मिस्त्रीने दोन्ही तुकडे भंगाराच्या पिंपात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला ते घेऊन गेला. गाडीही ताईने त्याच आठवड्यात त्यालाच देऊन टाकली. गाडीचा सांगाडा टेम्पोत चढताना तिने स्वतः पाहिला.

रात्री तिने कागदावर आकडे मांडले. पाच मिनिटं, दुप्पट, दुप्पट. असे सतरा दिवस. उत्तर साडेसात महिने आलं, म्हणजे नेमका तो अपघाताचा दिवस. तिने कागद फाडला, मग त्याचे तुकडे पुन्हा फाडले. राग गेला नव्हता. त्याला आता कुठलाच पत्ता नव्हता, एवढंच. ती दवाखान्यात पेशंटवर खेकसायची, काचेच्या खोलीचं दार आपटायची. कारखान्याच्या रस्त्याने मात्र ती पुन्हा कधी गेली नाही.

यालाही आता काही महिने झाले.

परवाची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, दुपारचे चार वाजले होते. आई आणि ताई दोघी जमिनीवर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. वळणावर आवाज आला.

दोघींचे हात थांबले. खालचा, जड, घुमणारा आवाज घरासमोर आला. या वेळी कोणी मूठ पिळली नाही. गाडी हळू झाली, बंद झाली आणि स्टँड लागल्याचा खटका ऐकू आला. मग जिन्यावर पावलं. दोन माणसांची. एकाचं पाऊल नेहमीसारखं, दुसऱ्याचं मात्र प्रत्येक पायरीवर घासत, थांबत, पुन्हा घासत येणारं.

आई उठायला लागली. ताईने तिचा दंड घट्ट धरला.

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. आणि दाराच्या पलीकडून कोणीतरी, थकलेल्या आवाजात, शेजारच्याला बजावल्यासारखं हळूच म्हणालं, "सावकाश. आई झोपलीय."

आई हातातली चादर छातीशी धरून ताईकडे बघत राहिली. तो आवाज ताईचा होता.

दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. गाडी भंगारात गेली होती, तरी ती वेळ अजून यायची होती. त्या दिवसापासून ताईने ते शब्द तोंडातून बाहेर काढलेले नाहीत. आईला दुपारी डोळा लागला की ती तिच्या उशाशी जाऊन बसते, आणि कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवते.